आजचं चिंतन : चार बोटं वर

आज गीता १७.१५, वाणीचं तप.

बायको अमेरिकेत. तिने माझ्यासाठी भरलेला आय-१३० अजून प्रलंबित. तोवर भेटून यावं म्हणून टुरिस्ट व्हिसाचा डीएस-१६० भरत होतो. त्यात सरळ प्रश्न: तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन केलंय का? "हो" म्हटलं, तर हा परत जाणार नाही म्हणून नकार येऊ शकतो. खोटं "नाही" पकडलं गेलं, तर कायमची बंदीही. पण नुसत्या भीतीपोटी खरं बोलणं, हे तप कसलं?

धर्मराज आठवले. अर्धसत्याने द्रोण पडले, पण जमिनीच्या चार बोटं वर चालणारा रथही खाली टेकला.

"हो" लिहिलं. विरह आपल्या पंचवटीला नवा नाही. भेट लांबेल कदाचित. पण होईल तेव्हा आम्हा दोघांत ते खोटं नसेल.