गणवेश आणि समभाव

मुलांना शाळेत एकसारखा पोशाख असावा की नसावा, हा प्रश्न वरवर पाहता शिंप्याचा आणि हेडमास्तरांचा. टाळकऱ्यांच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु शाळा उघडण्याचे दिवस आले, की कीर्तन आटोपून बुक्का लावून घेताना कोणी ना कोणी आईबाप आम्हांस तो विचारतातच. एक म्हणतो, "महाराज, गणवेशानं सगळी लेकरं सारखी दिसतात, बरं आहे." दुसरा म्हणतो, "दिसतात खरी, पण त्यापायीच माझं लेकरू घरी बसलं, त्याचं काय?" दोघेही खोटे बोलत नाहीत. मग एकच वस्तू एकाला समतेची वाटते आणि दुसऱ्याला जाचाची, हे कसे? याचा निवाडा विवेकाने करावयास पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची दुधनी अक्कलकोट तालुक्यात, सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अगदी सीमेवर आहे. घरात कानडी, शाळेत मराठी, अडत बाजारात दोन्ही. सीमेवरच्या गावाला एक शहाणपण असते. वेगळे बोलणारी, वेगळे नेसणारी माणसे एकाच विहिरीचे पाणी पितात, हे ते रोज पाहते. आम्ही तेथे शाळेत होतो तो काळ १९७० च्या आसपासचा. मुलांना पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी, मुलींना पांढरे पोलके आणि निळा परकर. बहुतेकांना जोड एकच. शुक्रवारी रात्री सदरा धुवायचा, निळीच्या पाण्यातून काढायचा, चुलीच्या उबेला वाळवायचा आणि घडी करून अंथरुणाखाली ठेवायचा. कारण शनिवारी सकाळच्या शाळेत कवायत असे. ज्याच्या घरी पितळी तांब्या होता, तो त्यात निखारे घालून इस्त्री करी. नवा सदरा शिवताना आई शिंप्याला बजावी, "वाढत्या अंगाचा शिव रे बाबा." म्हणून पहिल्या वर्षी बाह्या बोटांवर येत आणि तिसऱ्या वर्षी कोपराशी जात. तोच मग धाकट्या भावाच्या अंगावर.

या पांढऱ्या सदऱ्याने आमचे भले केले, हे कबूल केलेच पाहिजे. अडत्याचा मुलगा आणि हमालाचा मुलगा शेजारी बसले, तर परक्या माणसाला कोण कोणाचा ते कळत नसे. सणाला नवे रेशमी अंगरखे घालून मिरविणारी मुलेही शाळेत आमच्यासारखीच. एवढा लाभ थोडका नव्हे.

पण १९७२ चा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हा होरपळला. माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली, घरोघर तांबडी मिलो ज्वारी शिजू लागली, मुलांच्या हाती सुकडी आली. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे आईबाप असेच खडी फोडीत. त्याच्यापाशी एकच सदरा, तोही रेघांचा. एका शनिवारी कवायतीच्या रांगेतून त्याला बाहेर काढण्यात आले आणि "पांढरा सदरा घालून ये" म्हणून घरी पाठविण्यात आले. आता सांगा, घरी पांढरा सदरा असता, तर तो घालूनच आला नसता काय? तो गेला, तो परत आला नाही. हजेरीत त्याचे नाव काही दिवस पुकारले गेले, मग तेही थांबले. पुढे तो आम्हांस रुळांच्या पलीकडे शेळ्या वळताना दिसे. आम्ही हाक मारली, तर शेळ्यांकडे पाहून उत्तर देई.

त्याच शाळेत दुसरे एक गुरुजी होते. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीला एक मुलगी विटलेल्या फुलाफुलांच्या परकरात आली आणि भिंतीआड उभी राहिली. गुरुजींनी तिला बोलावले, झेंडा तिच्या हाती दिला आणि फेरीच्या अग्रभागी ठेवले. दिंडीत पताका घेणारा पुढे चालतो, तशी ती चालली. गावाने झेंडा पाहिला. परकर कोणी पाहिला नाही. नियम दोन्ही गुरुजींना एकच लागू होता. एकाला त्यातले अक्षर दिसले, दुसऱ्याला तो नियम कशासाठी केला ते दिसले.

पुढे वडिलांनी आम्हांस संस्कृत पाठशाळेत घातले. तेथे धोतर, उपरणे आणि शेंडी हाच गणवेश. पाठशाळेत त्या वेषाला मान. सुटीत आगगाडीने गावी येताना त्याच वेषाला डब्यातली मुले हसत. धोतर तेच आणि आम्हीही तेच. मान आणि अपमान पाहणाऱ्यांच्या मनातून येऊन वस्त्रावर बसत होते. वेदान्तात उपाधी म्हणतात ती हीच. तांबड्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, पण त्यात तांबडेपणा नसतो. तसे वस्त्र स्वतः ना समतेचे, ना विषमतेचे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुरुकुलात सर्वांना सारखा वेष होता, असे व्याख्यानांतून ऐकू येते. आम्ही जी गृह्यसूत्रे शिकलो, त्यांत तसे नाही. तेथे ब्रह्मचाऱ्याचे वस्त्र, अजिन, मेखला, दंड हे सारे वर्णावर ठरलेले. ब्राह्मणाची मेखला मुंज गवताची, क्षत्रियाची धनुष्याच्या दोरीची, वैश्याची आणखी निराळी. दंडाचे लाकूड वेगळे आणि उंचीही वेगळी. दुरून पाहताच कोण कोणाचा हे कळावे, अशी ती व्यवस्था होती. आणि चौथ्या वर्णाला तर त्या घराचे दारच बंद. साहेबाच्या देशातही प्रारंभ काही निराळा नाही. लंडनमध्ये १५५२ साली गोरगरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा निघाली. तिच्या मुलांना लांब निळा डगला दिला जाई. निळा डगला दिसला, की दानावर वाढणारे पोर, अशी ती खूण. श्रीमंतांच्या शाळांनी आपले गणवेश पुढे घेतले. म्हणजे वेषाने एके काळी भेद सांगितला, एके काळी दान सांगितले. त्याने समता सांगावी, ही इच्छा अलीकडची आहे. आणि ती चांगली आहे. मात्र ती आपली इच्छा आहे, कापडाचा गुण नव्हे, हे विसरलो की घोटाळा होतो.

कथा सांगायची तर सुदाम्याचीच सांगावी. श्रीमद्भागवतात त्याचे सुदामा हे नाव येत नाही. व्यासांनी त्याला एक ब्राह्मण म्हटले आहे आणि त्याच्या वर्णनात 'कुचैल' असा शब्द घातला आहे. कुचैल म्हणजे ज्याची वस्त्रे वाईट आहेत तो. त्यावरून दक्षिणेत त्याला कुचेल याच नावाने ओळखतात. पाहा केवढा चमत्कार! ज्याचे फाटके वस्त्र हीच ओळख झाली, तोच देवाचा सखा म्हणून जगात राहिला. सांदीपनींच्या घरी यादवांचा राजपुत्र आणि हा दरिद्री पोर एकत्र सरपणाला गेले, वादळी पावसाच्या रात्री रानात एकत्र भिजले. "तुझे वस्त्र नीट नाही, घरी जा," असे सांदीपनी म्हणाले असते, तर ती मैत्री कोठून झाली असती? आणि पुढे तो द्वारकेस आला, तेव्हा भगवंतांनी आधी उठून मिठी मारली, पाय धुतले, शेजारी बसविले. आधी उराशी धरणे, मग बाकीचे सारे, हा क्रम ध्यानात ठेवावा.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, मग शिस्तीचे काय? आज रेघांचा सदरा चालविला, तर उद्या कोणी भरजरी घालून येईल." शंका रास्त आहे. आमचे म्हणणे असे, की ज्याला आहे त्याने मिरवू नये, यासाठी नियम कडक असावा. ज्याला नाही त्याच्यापुढे तोच नियम वाकावा. आई दोन मुलांना एकाच मापाने वाढीत नाही. धष्टपुष्टाला म्हणते, पुरे. अशक्ताला म्हणते, अजून घे. हा पक्षपात नव्हे, समदृष्टीच होय. कायद्याचा रोखही याहून निराळा नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. खर्चापायी कोणा बालकाचे प्राथमिक शिक्षण अडू नये, असे तो सांगतो. मुलांना मारहाण व मानसिक त्रास देण्यासही त्याने बंदी केली आहे. चारचौघांत कपड्यावरून रांगेबाहेर काढणे हा मानसिक त्रास नव्हे, तर काय?

सरकारने गणवेश फुकट द्यावयास घेतले, हे उत्तम झाले. पण त्यातही गंमत पाहा. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंत दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळत ते सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना. उरलेले मुलगे त्याच बाकावर बसून पाहत. गरिबी रेषेच्या वर दोन बोटे असली, म्हणजे ती श्रीमंती होते काय? राज्य शासनाने २०२३ मध्ये सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील त्या मुलांनाही गणवेश, आणि सर्वांना बूट-मोजे देण्याचे ठरविले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. पुढे 'एक राज्य एक गणवेश' आला. २०२४-२५ साली कापड एका ठिकाणाहून कापून आणायचे, बचतगटांच्या भगिनींनी शिवायचे आणि सगळ्या राज्यात आकाशी सदरा, गडद निळी विजार. हेतू चांगला, पण ठिकठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले, कोणाला सैल, कोणाला आखूड झाले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे दिले. यातून शिकायचे ते एवढेच, की रंग दुरून ठरविता येतो, माप मात्र लेकराला जवळ उभे करूनच घ्यावे लागते. आणि आपले सोलापूर तर शालेय गणवेश शिवण्याच्या धंद्यासाठी देशभर नावाजलेले! ज्या जिल्ह्याची शिलाई यंत्रे परमुलखातल्या मुलांना झाकतात, त्या जिल्ह्यात एकही लेकरू सदऱ्यावाचून शाळेबाहेर राहू नये.

आता दुसऱ्याला सांगून झाले. थोडे आपल्याकडे पाहू. वारीला वेषाची अट नाही. धोतर, बंडी, टोपी ही रीत आहे, तिकीट नव्हे. कोणी लुगडे नेसून येते, कोणी विजार घालून. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, आणि एकमेकांच्या पाया पडणे. याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाही. परंतु तीच माळ आणि तोच बुक्का असूनही आपले काही बांधव शेकडो वर्षे विठ्ठलाच्या मंदिराबाहेरच उभे होते. त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा दार उघडले. खूण सारखी होती. दार उघडे नव्हते. नुसत्या खुणेने समता येत नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती?

आजही पाहा. कीर्तनात आमच्यामागे टाळकरी पांढऱ्या वेषात दोन ओळींनी उभे राहतात. दृश्य फार गोड दिसते. पण एखादे पोर रंगीत सदरा घालून टाळ घ्यायला आले, की "मागं बस" असे कोणी तरी म्हणतेच. ते मागे बसते, आणि पुढच्या एकादशीला येत नाही. शाळेने एक मूल गमावले ते आपल्याला दिसते. आपण गमावलेले दिसत नाही.

म्हणून मंडळींना एवढेच विनविणे आहे. या जूनमध्ये आपल्या मुलाचा लहान झालेला गणवेश धुऊन, गुंड्या लावून, घडी करून शाळेत गुरुजींपाशी नेऊन द्या. कोणाला दिला ते विचारू नका, आणि घेणाऱ्या मुलाला ते कळू देऊ नका. शाळेच्या समितीवर असाल, तर गणवेशावाचून एकही मूल परत पाठविले जाणार नाही, असा ठराव करून घ्या. आणि दिंडीत, कीर्तनात एखादे लेकरू वेगळ्या कपड्यात आले, तर आधी टाळ हाती द्या. पांढरा सदरा मागाहून मिळेल. नाहीच मिळाला, तरी ताल काही चुकणार नाही.

रामकृष्ण हरी.