शांत प्राण्याची निवड

घरात पाळण्यासाठी आकाराने मोठा आणि स्वभावाने शांत असा कुत्रा निवडावा, ही इच्छा आपल्याकडील नागर मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेली नाही. लॅब्रडॉर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड ही नावे महानगरांतील सदनिकांमध्ये सहज उच्चारली जातात. वरवर पाहता हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा आहे. जागा किती, खर्च किती, घरात लहान मूल आहे की वृद्ध, एवढे पाहिले म्हणजे तो सुटला असे वाटते. परंतु या इच्छेतील दोन विशेषणे वेगळी करून पाहिली की तिच्या पोटातला नैतिक प्रश्न दिसू लागतो. ‘मोठा’ हे विशेषण शरीराचे आहे. ते मोजता येते. ‘शांत’ हे विशेषण मात्र शीलाचे आहे. एखाद्या सजीवाचे शील त्याच्या जन्मापूर्वीच मागता येते काय, आणि ते मागितल्यानंतर त्या सजीवाचे कोणते ऋण आपल्यावर चढते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत अशा निवडीविषयी बोलताना ‘जात’ हा शब्द टाळता येत नाही. कुत्र्याची जात कोणती, असे आपण विचारतो. चांगल्या वंशाच्या जनावराला ‘जातिवंत’ म्हणतो आणि त्याच शब्दाने अस्सल कलावंताचाही गौरव करतो. जन्मावरून गुण ओळखावा, हा विचार या शब्दात इतका मुरलेला आहे की तो एक विचार आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही. माणसांच्या बाबतीत या विचाराने कोणता अनर्थ घडवला, हे भारतीय वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. प्राण्यांच्या बाबतीत तरी तो खरा आहे काय, हे तपासून पाहणे मात्र इष्ट आहे.

कुत्र्यांच्या जातींची आजची काटेकोर व्यवस्था फार प्राचीन नाही. इंग्लंडमध्ये केनेल क्लबची स्थापना १८७३ साली झाली. वंशावळींच्या नोंदी, प्रत्येक जातीच्या आदर्श रूपाचे लेखी वर्णन, प्रदर्शने आणि पारितोषिके यांचा विस्तार मुख्यतः त्यानंतरचा आहे. या व्यवस्थेने शरीराचे रूप स्थिर केले, यात संशय नाही. स्वभाव तितकाच स्थिर झाला काय? २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या पालकांकडून माहिती घेण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचे वाचन करण्यात आले. कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनाच्या फरकांपैकी सुमारे नऊ टक्के फरकाचेच स्पष्टीकरण जातीवरून देता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. वंशाचा प्रभाव शून्य आहे, असा याचा अर्थ नाही. कान, केस आणि उंची यांविषयी जात जेवढे निश्चित सांगते, तेवढे ती त्या एका जिवाच्या मनोवृत्तीविषयी सांगू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जातीचे नाव घेऊन शांतपणा मागणारा मनुष्य म्हणूनच एका संभाव्यतेला वचन समजत असतो.

हे वचन कसे निर्माण होते, हे पाहण्यासाठी सेंट बर्नार्डचे उदाहरण बोलके आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड सुमारे २,४७० मीटर उंचीवर आहे. तेथील मठवासी साधूंकडे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठी कुत्री होती. प्रथम राखणीसाठी, पुढे हिमात वाट चुकलेल्या प्रवाशांच्या शोधासाठी. त्यांतील ‘बॅरी’ हा कुत्रा १८०० ते १८१४ या काळात होऊन गेला आणि त्याने चाळीस जणांचे प्राण वाचवल्याचे परंपरा सांगते. ज्याला वाचवायला गेला त्याच्याच हातून तो मारला गेला, अशीही एक करुणरम्य कथा प्रचलित आहे. वस्तुतः म्हातारपणी त्याला बर्न येथे नेण्यात आले आणि तेथे तो स्वाभाविकपणे मरण पावला. गळ्यात ब्रँडीचे छोटे पिंप अडकवलेला सेंट बर्नार्ड आपण सारेच ओळखतो. त्या प्रतिमेचे मूळ एडविन लँडसीअर या इंग्लिश चित्रकाराने कोवळ्या वयात, १८२० साली काढलेल्या चित्रात दाखवले जाते.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कुत्र्यांचा न्यूफाउंडलंड जातीशी संकर करण्यात आला. संततीला लांब केस आले, केसांत बर्फ गोठून राहू लागला आणि डोंगरावरील कामाला ती कुत्री निरुपयोगी ठरली. खाली सपाटीवर मात्र तेच केसाळ, भव्य रूप लोकांना आवडले. १८८७ साली झुरिच येथे या जातीच्या आदर्श रूपाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. बॅरीचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या आसपास असावे, असा अंदाज आहे. आजचा पूर्ण वाढलेला नर सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत सहज जातो. बॅरीचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. १९२३ साली त्याची नव्याने मांडणी करताना त्याच्या डोक्याची ठेवण त्या काळच्या सेंट बर्नार्डच्या कल्पनेशी जुळती करून घेण्यात आली. ज्या पूर्वजाच्या पुण्याईवर जातीचे नाव झाले, त्याचेच मस्तक जातीच्या आदर्शाप्रमाणे बदलावे लागले! साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. मूळ संहितेपेक्षा तिच्याविषयीची धारणा बलवत्तर झाली, म्हणजे पाठ धारणेनुसार दुरुस्त केला जातो. घरात सेंट बर्नार्ड आणणारा गृहस्थ बहुधा ही धारणाच घरी आणत असतो. तिच्या आत असलेला जीव त्याला पुढे हळूहळू भेटतो.

आता ‘शांत’ या शब्दाकडे वळू. आपल्या काव्यशास्त्रात शांताला रसपद द्यावे की नाही, यावर दीर्घ वाद झाला. शांतात सर्व व्यापारांचा उपरम असतो, मग त्याचा अभिनय कसा करणार, असा एक आक्षेप होता. अभिनवगुप्तांनी शांतरसाची प्रतिष्ठापना करताना त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञान, म्हणजे आत्म्याचे ज्ञान मानले. वेदान्ताच्या परिभाषेतही साधकाच्या षट्संपत्तीत शम आणि दम वेगळे सांगितले आहेत. शम हा मनाचा निग्रह, दम हा बाह्येंद्रियांचा. या चर्चेतले अध्यात्म बाजूला ठेवले तरी तिच्यातला एक विवेक आपल्या उपयोगाचा आहे. हालचाल नसणे आणि शांत असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरीचे अनुमान करावे लागते, आणि ते चुकू शकते.

हिमप्रदेशासाठी घडलेले ऐंशी किलोंचे जनावर मुंबईच्या किंवा चेन्नईच्या वैशाखात फरशीवर दिवसभर पसरलेले असते. पाहुणे कौतुकाने म्हणतात, किती शांत आहे! कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही; शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. हवा दमट असली की हा उपाय दुबळा पडतो. आणि देह जितका मोठा, तितकी त्याच्या आकारमानाच्या तुलनेत उष्णता सोडणारी कातडी कमी. तेव्हा फरशीवरची ती निश्चलता पुष्कळदा थकव्याची असते. घरातले मूल त्याच्या अंगावर लोळते, कान ओढते, आणि तो काहीच करीत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. तो काहीच करीत नाही, हे खरे नसते. तो तोंड फिरवतो, जिभेने ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा तिरका पाहतो. या त्याच्या तक्रारी आहेत. पुढे कधी तो गुरगुरला, तर आपण त्याला रागावतो; म्हणजे त्याच्याजवळ उरलेला अखेरचा शब्दही काढून घेतो. बोलक्या, भुंकणाऱ्या प्राण्याकडे लक्ष द्यावेच लागते. शांत प्राण्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय असते, आणि ही सोय त्याच्या निवडीमागचे न बोललेले कारण असेल, तर त्या निवडीत दोष आहे असे मला वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे किंवा काठी घेऊन चालणारी आजी आहे, त्या घराने शांत कुत्रा शोधू नये काय? अवश्य शोधावा. निवड न करता, केवळ रूपावर भुलून कुत्रा आणणे हे त्या मुलावर, आजीवर आणि कुत्र्यावरही अन्यायकारक आहे. प्रश्न निवड करण्याचा नसून ती कोणत्या समजुतीने करावयाची, याचा आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस आदर्श रक्षकाची तुलना चांगल्या वंशाच्या कुत्र्याशी करतो. असा कुत्रा ओळखीच्यांशी सौम्य आणि परक्यांशी उग्र असतो. त्याची सौम्यता ओळखण्यावर, म्हणजे एका प्रकारच्या ज्ञानावर उभी असते, म्हणून त्याला ज्ञानप्रेमी म्हणावे, असे सॉक्रेटिस काहीशा विनोदाने सुचवतो. विनोद बाजूला ठेवला तर त्यात एक तथ्य उरते. कुत्र्याचा सौम्यपणा परिचयातून येतो. प्लेटोदेखील उत्तम वंशावर थांबत नाही. रक्षकांच्या शिक्षणाचा विषय तो लगेच पुढे हाती घेतो. कुटुंबाला जो शांतपणा हवा असतो, त्याचा काही अंश पिलाबरोबर येतो. उरलेला त्या घराने द्यावयाचा असतो: नियमित फिरणे, ठरलेल्या वेळा, एकांताची एक जागा, आणि मुलाला शिकवलेली मर्यादा. ज्या घरात यांपैकी काहीच नाही, त्या घराने आपल्याजवळ नसलेली वस्तू कुत्र्याकडून मागितलेली असते.

मोठेपणाचा हिशोबही येथे मांडला पाहिजे. प्राणिसृष्टीत सामान्यतः मोठ्या जाती दीर्घायुषी असतात. हत्ती उंदरापेक्षा अधिक जगतो. कुत्र्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. चौऱ्याहत्तर जातींच्या आधारे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देहाचे वजन दोन किलोंनी वाढले की अपेक्षित आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते. मोठी कुत्री लवकर वृद्ध होतात, असे त्यात आढळले. ग्रेट डेनचे आयुष्य साधारणतः आठ-दहा वर्षांचे. त्यात सांध्यांचे विकार आणि पोटाला पीळ पडण्याचा धोका. भव्यता आपल्या डोळ्यांना हवी असते आणि तिचे मोल वर्षांच्या रूपाने तो प्राणी चुकवतो. हा व्यवहार त्याला विचारून झालेला नसतो. भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी २०१७ साली केलेल्या नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. परंतु असे नियम विकणाऱ्याला बांधतात. निवडणाऱ्याच्या इच्छेचे नियमन त्याच्या विवेकालाच करावे लागते.

दीर्घकाळ निष्ठेने सेवा केलेला कुत्रा म्हातारा झाला की धन्याने त्याला मरेपर्यंत सांभाळावे, असे कांटने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत सांगितले आहे. प्राण्यांविषयी आपले प्रत्यक्ष कर्तव्य नाही, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञालाही हे म्हणावेसे वाटले. मात्र कांटच्या मांडणीत कुत्रा सेवेच्या बदल्यात पात्र ठरतो. महाभारत याहून पुढे जाते. त्याच्या आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी काही अपराध नसताना मार खाल्लेला सरमेचा पुत्र येतो आणि ती माता राजाला जाब विचारते. महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुराहून मागे चालत आलेला कुत्रा येतो आणि त्याला सोडून स्वर्गरथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. त्या कुत्र्याला महाभारत नाव देत नाही, त्याचा वंश सांगत नाही, तो शांत होता की उग्र होता, हेही सांगत नाही. युधिष्ठिराने त्याला निवडलेले नव्हते. कवीने परीक्षा लावली ती त्यागाच्या क्षणी. ‘आनृशंस्य’, म्हणजे क्रौर्याचा अभाव, हा शब्द महाभारतात युधिष्ठिराच्या संदर्भात वारंवार येतो. तो गुण तेथे एका निरुपयोगी सोबत्याच्या बाबतीत कसाला लागतो.

आपण युधिष्ठिर नाही, आणि आपण निवड करतो. म्हणून तर आपली जबाबदारी अधिक आहे. जो प्राणी आपोआप मागे आला, त्याला आपण बोलावले नव्हते, असे निदान म्हणता येते. जातीचे नाव सांगून, रूप पाहून, स्वभाव मागून आणलेल्या प्राण्याविषयी ही पळवाट उरत नाही. तरीही शहरांतील प्राण्यांच्या आश्रयगृहांत टाकून दिलेली जातिवंत कुत्री येतात. कोणी आजारी असते, कोणी म्हातारे, कोणी अपेक्षेइतके शांत नसते.

तेव्हा मोठा आणि शांत कुत्रा निवडू पाहणाऱ्या कुटुंबाने जातींच्या वर्णनांपूर्वी स्वतःचे घर वाचावे. आपल्या गावची हवा कोणत्या देहाला सोसेल? रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याबरोबर कोण चालेल? शक्य असेल तर त्या पिलाच्या आईबापांना पाहावे. किंवा ज्याचा स्वभाव प्रत्यक्ष दिसतो असा प्रौढ, कदाचित कोणत्याच जातीचा नसलेला कुत्रा घ्यावा. आणि एक प्रश्न अखेरचा. आठ-नऊ वर्षांनी त्याचे मागचे पाय गेले, उद्वाहन बंद पडले, आणि साठ-सत्तर किलोंचा तो देह तीन जिने खाली न्यावा लागला, तर घरात उचलणारे हात किती आहेत? या प्रश्नाचे उत्तर पिलू पाहायला जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून द्यावे.