वडीलधाऱ्यांनी काय सोडावं

३ जुलै २०२३ ला गुरुपौर्णिमा होती. आदल्या दिवशी अजित पवारांनी राजभवनावर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. शरद पवार सकाळी निघाले ते कराडला आले, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पृथ्वीराज चव्हाण आणि श्रीनिवास पाटील हे त्यांच्या पिढीच्या आसपासचे लोक तिथे होते, बाळासाहेब पाटील होते, आणि बाहेर तरुण कार्यकर्त्यांची दाटी होती. दोन दिवसांनी, ५ जुलैला, वांद्र्याच्या मेळाव्यात अजित पवारांनी काकांना भर सभेत विचारलं की वय ब्याऐंशी-त्र्याऐंशी झालं, आता थांबणार आहात की नाही. सरकारी अधिकारी निवृत्त होतात, भाजपमध्ये पंचाहत्तरीनंतर थांबावं लागतं, मग तुम्हीच का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं चौसष्टावं वर्ष संपत आलं होतं. आणि ज्यांना तो विचारला गेला त्यांनी १८ जुलै १९७८ ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, साठी गाठलेल्या वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून मुख्यमंत्रिपद घेतलं होतं. त्या बंडाला यशवंतरावांची मूक संमती होती की नव्हती, यावर कराड-सांगलीच्या पट्ट्यात अजून वाद होतात. मला त्यातलं वेगळंच काही खटकतं. पंचेचाळीस वर्षांत ज्येष्ठांना आव्हान देणाऱ्याचं वय सव्वीस वर्षांनी वाढलं. उदाहरणं दोनच आहेत, त्यावरून नियम काढता येणार नाही. पण आपल्याकडे साठी उलटलेल्या माणसाला ‘पुढची पिढी’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही, हे तर रोज दिसतं.

ज्येष्ठ पुढाऱ्यांनी बाजूला व्हावं का? व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कशातून बाजूला व्हावं, हे ठरवल्याशिवाय या मताला अर्थ नाही. आमदारकी-खासदारकी मतदार काढून घेऊ शकतो, आणि घेतोही. मतदाराच्या हातात जे कधीच येत नाही ते म्हणजे पुढे कोण उभं राहणार हे ठरवण्याचा हक्क: पक्षाचं तिकीट, कारखान्याचं पॅनेल, बँकेचं संचालकपद, शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांची यादी. ज्येष्ठांनी आधी सोडायचा तो हा हक्क. खुर्ची त्यानंतर सोडली तरी चालेल.

कराडचा हिशोब मांडून पाहा. १९५७ पासून २००९ ला मतदारसंघच पुसला जाईपर्यंत कराड लोकसभेला पाच खासदार मिळाले: दाजीसाहेब चव्हाण, त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी, यशवंतराव मोहिते, मग दाजीसाहेबांचे पुत्र पृथ्वीराज आणि शेवटी श्रीनिवास पाटील. १९८० नंतरची मोहित्यांची एक मुदत सोडली तर १९५७ ते १९९९ ही जागा एकाच घरात होती. कराड दक्षिण विधानसभेचं चित्र याहून ठळक आहे. १९६२ ते २०२४ या बासष्ट वर्षांत तिथे तीनच आमदार झाले: आधी यशवंतराव मोहिते, मग १९८० पासून सलग सात वेळा विलासकाका उंडाळकर, आणि २०१४ पासून पृथ्वीराज चव्हाण. शहरात पी. डी. पाटील चार दशकांहून अधिक काळ नगराध्यक्ष होते. यातली बहुतेक माणसं कर्तबगार होती, हेही तितकंच खरं. मोहित्यांचा अभ्यास, विलासकाकांचा डोंगरी भागातला संपर्क, पी. डीं.नी शहराला लावलेली शिस्त यांच्याबद्दल विरोधकही आदराने बोलतात. पण एक कर्तबगार माणूस पस्तीस वर्षं एका जागी राहिला, तर त्या पस्तीस वर्षांत त्या तालुक्यात जन्मलेल्या, वाढलेल्या आणि तितक्याच कर्तबगार असू शकलेल्या इतरांचं काय झालं, ते कुठेच नोंदलं जात नाही. नुकसान दिसत नाही म्हणून ते झालं नाही असं आपण धरून चालतो.

आणि ही भूमी तरुणांच्या राजकारणाला परकी नव्हती. १९३२ मध्ये यशवंतराव चव्हाणांना सक्तमजुरी झाली तेव्हा ते कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. कराडजवळच्या शेणोलीला ७ जून १९४३ ला सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडवणाऱ्यांत जी. डी. बापू लाड होते. नागनाथअण्णा नायकवडी त्याच लढ्यातले. दोघांचाही जन्म १९२२ चा. म्हणजे प्रतिसरकार नावाची जी गोष्ट सातारा-सांगली अजून अभिमानाने सांगतात, ती विशी-एकविशीतल्या पोरांनी उभी केली. क्रांतिसिंह नाना पाटील स्वतः तेव्हा चाळिशीत होते. पुढे यशवंतराव तेहेतिसाव्या वर्षी विधिमंडळात गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि १९६७ ला बारामतीतून एका सव्वीस वर्षांच्या मुलाला तिकीट देण्यामागे तेच उभे राहिले. तो मुलगा त्यांच्या नात्यातला नव्हता.

ज्येष्ठांच्या बाजूनेही सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०१९ ची सातारची पोटनिवडणूक आठवा. १८ तारखेला भर पावसात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरद पवार बोलत राहिले, आणि उमेदवार श्रीनिवास पाटीलही जवळपास त्याच वयाचे. समोर पन्नाशीतले उदयनराजे, पाठीशी केंद्रातली आणि राज्यातली सत्ता. श्रीनिवास पाटील ऐंशी हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. लोकांनी वय पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि त्यावर विश्वास टाकला. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले ते एक्क्याऐंशीव्या वर्षी. म्हणून वयाची कायदेशीर कमाल मर्यादा असावी, ही मागणी मला पटत नाही. आपल्या संविधानाने विधानसभेसाठी पंचवीस ही किमान अट घातली आणि वरची बाजू मोकळी ठेवली, ते योग्यच केलं. कोणाची उमेद कधी संपते हे कायद्याला कळत नाही.

पण याच युक्तिवादाचा एक धागा फसवा आहे. ‘लोक निवडून देतात ना, मग तुम्हाला काय?’ लोक निवडतात ते समोर ठेवलेल्या नावांतून. नावं कोण ठेवतं, तिथे लोक नसतात.

२३ नोव्हेंबर २०२४ ला कराडच्या मतदारांनी दोन्ही जागांवर निकाल फिरवला. दक्षिणेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पृथ्वीराजबाबा अतुल भोसलेंकडून ३९,३५५ मतांनी हरले. उत्तरेत १९९९ पासून आमदार असलेल्या बाळासाहेब पाटलांना मनोज घोरपडेंनी चाळीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. एका दिवसात पिढी बदलली, असं त्या आठवड्यात सगळीकडे लिहिलं गेलं. दक्षिणेपुरतं बोलायचं तर अतुल भोसले हे रेठऱ्याच्या जयवंतराव भोसलेंचे नातू, म्हणजे यशवंतराव मोहित्यांच्या भावाचे नातू. कृष्णा कारखाना, रुग्णालय, अभिमत विद्यापीठ यांचा पसारा त्यांच्यामागे आहे. त्यांनी २०१४ आणि २०१९ चे पराभव पचवून चिकाटीने ही जागा मिळवली, हे त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण १९८० ला एका घरातून गेलेली जागा चव्वेचाळीस वर्षांनी त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे परत आली. वय बदललं. वाट तीच राहिली.

जरा बाहेर गेलं तरी हेच. तासगाव-कवठेमहांकाळमधून त्याच निवडणुकीत रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी आमदार झाले, आर. आर. आबांचे चिरंजीव म्हणून. सांगोल्यात गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरणारा माणूस म्हणून राज्यभर ओळखले गेले, २०१९ ला नव्वदी ओलांडल्यावर थांबले. त्यांच्यानंतर शेतकरी कामगार पक्षाने उमेदवारी दिली ती नातवाला, आणि २०२४ ला निवडून आले तेही नातूच. ज्या पक्षाची सारी मांडणी वारसाहक्काच्या विरोधातली, तिथेही जागा घरातच राहिली. अशा वेळी ज्येष्ठांना ‘तरुणांसाठी जागा करा’ म्हणणं म्हणजे ‘मुलाच्या नावावर करा’ म्हणण्यासारखंच ठरतं, आणि ते तर ते आनंदाने करतात.

यामागे नुसता लोभ आहे असं मला वाटत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या राजकारणाचा पाया सहकारी साखर कारखाना आहे, आणि कारखान्याचा मतदार म्हणजे सभासद. सभासदत्व जमिनीला चिकटलेलं, जमीन सातबाऱ्याला, आणि सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचं. पन्नाशीचा मुलगा रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जातो, ऊसतोडीची टोळी मिळवायला पायाला भिंगरी लावून फिरतो, सोसायटीच्या कर्जाची काळजी करतो, पण कारखान्याच्या निवडणुकीत मत मात्र पंचाहत्तरीच्या बापाचं. नाव लागतं ते वारसनोंदीने, बाप गेल्यावर. ज्या समाजात कष्ट एका पिढीचे आणि कारभार दुसरीचा असा रिवाज घराघरांत चालतो, तिथे पुढाऱ्याने वेगळं वागावं ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? बाळासाहेब पाटील विधानसभेला एवढ्या फरकाने पडले. पाच महिन्यांत, एप्रिल २०२५ ला, वडिलांनी उभ्या केलेल्या सह्याद्री कारखान्यावर त्यांच्याच पॅनेलने सत्ता राखली. त्याला कारभाराचीही कारणं असतील. पण तो मतदार वेगळा होता, हेही एक कारण आहेच.

मग घराण्याबाहेरचा तरुण येणार कुठून? आबांची गोष्ट पुन्हा सांगायला हवी, कारण ती फार जुनी नाही. सावळजच्या गटातून १९७९ ला ते जिल्हा परिषदेवर गेले तेव्हा बाविशीत होते. पाठीशी कारखाना नाही, संस्था नाही. अकरा वर्षं जिल्हा परिषदेत घासून १९९० ला ते आमदार झाले. ती शिडी आज कुठे आहे? कॉलेजांतल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आल्या, पण कागदावरच. आणि २०२२ च्या सुरुवातीपासून कराडची नगरपरिषद, सातारा जिल्हा परिषद, पंचायत समित्या, सगळीकडे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठे डिसेंबरात नगरपरिषदांचं मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं. बावीस वर्षांचा आबा या चार वर्षांत सव्वीसचा झाला, पोटापाण्याला लागला, पुण्याला गेला. त्याच काळात एकाही ज्येष्ठ नेत्याने, कुठल्याही पक्षाच्या, ‘माझ्या जिल्ह्यातल्या पोरांची वाट बंद आहे’ म्हणून उपोषण केल्याचं मला आठवत नाही. मला याचा राग आहे. ज्येष्ठांनी खुर्ची सोडली नाही याचा मला इतका राग येत नाही, जितका त्यांनी ही शिडी कुजू दिली याचा येतो.

सोडून जाणारेही झाले. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी साठीनंतर सत्तेचं राजकारण सोडावं असं नुसतं म्हटलं नाही, मंत्रिपद नाकारून स्वतः बाहेर पडले आणि ग्रामविकासाच्या कामाला लागले. त्यांची विचारसरणी पटो न पटो, ही कृती स्वच्छ होती. श्रीनिवास पाटलांनी २०२४ ला प्रकृतीचं कारण देऊन लोकसभा लढवली नाही. तिकीट शशिकांत शिंदेंना गेलं, ते पडले. म्हणून कुणी म्हणेल, पाहा, ज्येष्ठ हटले आणि जागा गेली. जाऊ दे. एखादी निवडणूक हरण्याची किंमत देऊनही जागा घराबाहेर गेली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

राजकारण सोडल्यावर करायचं काय, ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. सकाळी सहापासून दारात माणसं, अर्ज, फोन. ते थांबलं की घर खायला उठतं. पण एक काम असं आहे जे म्हातारपणीच होतं आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही. यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्राचे तीन भाग योजले होते. ‘कृष्णाकाठ’ हा पहिला १९८४ मध्ये निघाला आणि १९४६ पाशी थांबला. १९८४ च्याच २५ नोव्हेंबरला ते गेले. वेणूताई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्याआधीची काही वर्षं पक्षफुटीत, इंदिरा गांधींकडे परतण्याच्या प्रतीक्षेत आणि मानहानीत गेली होती. त्यामुळे महाराष्ट्राची स्थापना, १९६२ नंतरचं संरक्षण खातं, काँग्रेसची दोन विभाजनं, १९७८ चं ते सरकार पाडणं, यांतल्या कशाबद्दलही त्यांचं स्वतःचं सलग निवेदन आपल्याकडे नाही. ते दोन भाग आपल्याला मिळाले असते तर त्यांच्या शेवटच्या खासदारकीपेक्षा ते कितीतरी जास्त टिकले असते, अशी माझी खात्री आहे.

पृथ्वीराजबाबा पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते तेव्हा अणुकराराची लढाई झाली. नंतर जवळजवळ चार वर्षं त्यांनी महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं, आघाडीच्या कात्रीत सापडून. फायली कुठे अडल्या, कोणी अडवल्या, सिंचनाच्या वादात आत काय चाललं होतं, हे त्यांनी सविस्तर, नावानिशी लिहावं. कराड दक्षिणमध्ये पुढच्या वेळी त्यांच्या पक्षाचा उमेदवार कोण, हे मात्र त्यांनी ठरवू नये. ते वाठार, ओंड, काले, उंडाळे इथल्या कार्यकर्त्यांना ठरवू द्यावं, खुल्या बैठकीत, मतदान घेऊन, आणि त्या बैठकीला स्वतः जाऊ नये.