दोन पृथ्व्यांचा शेजार

जुन्या नायकाला नवा अवतार देताना त्याचा आधीचा जन्म खोटा ठरवावा का? हा प्रश्न एरवी तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभला असता. मला तो अमेरिकन कॉमिक्स वाचताना पडला. फराळाच्या ताटाशेजारी सुपरमॅन कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरांत १९६४ पासून १९९० पर्यंत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ येत होती, त्या घरांना हा प्रांत अगदीच परका नाही. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला आणि बघता बघता मराठी बोलू लागला. त्याच घरांतली नातवंडे आज इंग्रजीतून बॅटमॅन वाचतात, आणि आजोबांनी वाचलेला नायक व आपण वाचतो तो नायक एकच का, असे विचारतात.

वेताळापुरते उत्तर सोपे होते. बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच पोशाख चढवतो, आणि जंगलातले लोक समजतात की हा तोच, अमर. गुहेत मात्र प्रत्येक पिढीने आपल्या हाताने लिहिलेले ग्रंथ ओळीने लावलेले असतात. बाहेरच्यांना वेताळ एकच, पण गुहेत बसणाऱ्या एकविसाव्याला आपल्या आधी वीस जण होऊन गेले हे ठाऊक असते. बड्या प्रकाशनांच्या नायकांना ही सोय नव्हती. त्यांचे वय वाढत नाही, वाचक मात्र म्हातारे होतात, आणि दर दहा-पंधरा वर्षांनी दारात एक नवे पोर येऊन उभे राहते. त्याला एवढेच हवे असते की, मी कुठून सुरुवात करू ते सांगा.

डीसी या प्रकाशनाचा फ्लॅश घ्या. वाऱ्याच्या वेगाने धावणारा हा नायक जानेवारी १९४० च्या अंकात पहिल्यांदा आला. त्याचे नाव जे गॅरिक, डोक्यावर पंख लावलेला धातूचा टोप. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात आठ नायक एकत्र जमले आणि ‘जस्टिस सोसायटी’ स्थापन झाली. नायकांनी संघ करून एकत्र येण्याची चाल तिथून पडली. गंमत अशी की त्या पहिल्या बैठकीत हे महावीर काय करतात, तर जेवायला बसून एकेक जण आपली हकीकत सांगतो! युद्ध संपले, अभिरुची बदलली, आणि १९५१ साली ते मासिक घोडेस्वार काउबॉयांच्या हवाली झाले. फ्लॅश संपला.

१९५६ साली संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी फ्लॅशला पुन्हा उभे करायचे ठरवले. त्यांनी जुन्याला रंगसफेदी केली नाही. नाव ठेवले, वेग ठेवला, बाकी सगळे बदलले. नवा फ्लॅश म्हणजे पोलिसांच्या प्रयोगशाळेतला बॅरी ॲलन. अंगावर वीज पडते, रसायने सांडतात, आणि तो धावू लागतो. तो स्वतःला फ्लॅश का म्हणवतो? कारण तो जे गॅरिकची कॉमिक्स वाचत असतो. म्हणजे नव्या जगात जुना नायक छापील पुस्तकातला होता. मला ही युक्ती फार सभ्य वाटते. नवा माणूस आधीच्याचे नाव घेतो आणि ते कुठून घेतले तेही सांगतो. जुन्याला हात लावू नका म्हणणाऱ्यांचे त्या वर्षी चालले असते, तर फ्लॅश आज कोणाला आठवलाही नसता. तेव्हा नूतनीकरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९६१ च्या अंकात, जे घडले ते मला कॉमिक्सच्या इतिहासातले सर्वांत उमदे पाऊल वाटते. अनाथ मुलांपुढे खेळ करताना बॅरी इतक्या वेगाने थरथरतो की तो आपल्या जगातून नाहीसा होतो आणि दुसऱ्याच पृथ्वीवर पोहोचतो. तिथे जे गॅरिक राहतो. खराखुरा, हाडामांसाचा. कानशिलांवरचे केस पांढरे झालेत, लग्न झालेय, धावणे सोडून दिलेय. मग ही गोष्ट बॅरीच्या जगात पुस्तक होऊन कशी आली? तर म्हणे, ती लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्स या लेखकाचे मन झोपेत त्या दुसऱ्या जगाशी जुळत असे. १९४० ची पहिली कथा खरोखरच फॉक्स यांनी लिहिली होती, आणि १९६१ ची ही भेटही त्यांनीच लिहिली. एकवीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच पात्राला लेखक दार उघडून आत घेतो, बस म्हणतो, आणि निवृत्त झालेला जे पुन्हा टोप चढवून धाकट्याच्या बरोबरीने धावतो.

१९६३ पासून दोन पृथ्व्यांवरचे संघ, नवी ‘जस्टिस लीग’ आणि जुनी ‘जस्टिस सोसायटी’, जवळजवळ दर वर्षी भेटू लागले. नव्यांच्या जगाला ‘पृथ्वी एक’ आणि थोरल्यांच्या जगाला ‘पृथ्वी दोन’ असे नाव पडले. वडीलधाऱ्यांना दुसरा नंबर! हे आपल्या घरांत खपले नसते. पण थोरले जिवंत होते, त्यांना मुलेबाळे होती. ‘पृथ्वी दोन’वरच्या बॅटमॅनची मुलगी हेलेना मोठी होऊन हंट्रेस या नावाने नायिका झाली होती. पृथ्व्याही वाढत वाढत पुष्कळ झाल्या.

१९८५ साली डीसीने ठरवले की हा पसारा फार झाला, नव्या वाचकाला काही कळत नाही. मार्व्ह वुल्फमन यांनी लिहिलेल्या आणि जॉर्ज पेरेझ यांनी रेखाटलेल्या बारा अंकांच्या मालिकेत सगळी जगे कोसळली आणि शेवटी एकच पृथ्वी उरली. तिचा इतिहासही नवा. चित्रे अप्रतिम आहेत, बॅरी ॲलनचे मरण आजही चटका लावते. पण मला बोचते ते वेगळेच. हंट्रेस नव्या पृथ्वीवर वाचलेली असते, मात्र तिथे तिचे आईवडील कधी झालेच नव्हते. १९३८ चा मूळ सुपरमॅनही तिथे उपरा ठरतो. त्याची जागा दुसऱ्या सुपरमॅनने घेतलेली, आणि आपली लोइस कुठे आहे याला उत्तर नाही. शेवटी त्याला त्याची लोइस मिळते आणि दोघे जगाबाहेर निघून जातात. हंट्रेस लढताना मरते. त्यानंतर तिची आठवण ठेवायलाही कोणी उरत नाही, कारण ती जन्मलीच नव्हती.

कागदी माणसांवर कसला अन्याय, असे कोणी म्हणेल. मान्य. हंट्रेसला दुखत नाही. पण गोष्ट सांगणे हा दोघांमधला व्यवहार आहे. एकाने वीस वर्षे ‘असे घडले’ म्हणून सांगितले आणि दुसऱ्याने विश्वासाने, खिशातले पैसे मोजून ऐकले. नायक मेला, हे सांगण्याचा हक्क लेखकाला आहे, कारण मरणही त्याच गोष्टीत बसते. नायक झालाच नाही, हे सांगताना तो आपला शब्द मागे घेतो, आणि त्याची परवानगी त्याने ऐकणाऱ्याकडे मागितलेली नसते.

राहिला नव्या वाचकाच्या गोंधळाचा मुद्दा. इथे मला आपल्या भागातली मुले आठवतात. सहा वर्षांचे पोर आजीशी मराठी बोलते, अंगणात कन्नड, शाळेत तिसरेच काही. आपल्याच एका वस्तूला दोन नावे आहेत म्हणून ते कधी अडखळत नाही, आणि त्यातले एक नाव रद्द करून द्या असेही म्हणत नाही. बडोद्याला किंवा हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलांचेही हेच. दोन पृथ्व्या मुलांना जड जात नाहीत. जड जाते ते प्रकाशकाच्या हिशेबवहीला. वाट दाखवणारा पहिला अंक मुलाला जरूर द्या. त्यासाठी मागची वाट उखडायची काय गरज?

अवघड प्रश्न पुढेच आहे. जुने लाजिरवाणे असेल तर? वेताळाचेच पाहा. जंगलातल्या काळ्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राखणदार एक गोरा माणूस, ही कल्पना आज घशाखाली उतरत नाही. अशा वेळी पुसून टाकणे हाच धर्म वाटू शकतो. याला दुसऱ्या प्रकाशनाने, मार्व्हलने, दिलेले उत्तर मला विचार करायला लावते. कॅप्टन अमेरिका १९४१ च्या युद्धकाळातला. १९६४ साली त्याला परत आणताना सांगितले की १९४५ पासून तो बर्फात गोठून पडला होता. मग १९५३-५४ मध्ये छापलेल्या, जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या कॅप्टन अमेरिकाचे काय? ते अंक विसरून जाणे सोपे होते. १९७२ साली स्टीव्ह एंगलहार्ट यांनी ते अंक पुन्हा उघडले आणि ठरवले की तो दुसराच कोणी होता. खऱ्या नायकाच्या भक्तीने त्याचा चेहरा, नाव, पोशाख घेतलेला आणि शेवटी डोके फिरलेला. मग त्या दोघांना समोरासमोर उभे केले. नायकाला आपल्याच नावाने झालेल्या द्वेषाशी झुंजावे लागले. पसंत नसलेला भूतकाळ इथे जागेवर राहिला, आणि त्याच्याकडे बोट दाखवायला वाचकाला जागा मिळाली.

आणि हा सगळा अधिकार मुळात कोणाचा? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनची पहिली तेरा पाने आणि त्यावरचे सर्व हक्क १३० डॉलरना दिले. पुढे कितीतरी वेळा सुपरमॅन नव्याने जन्मला, आणि दरम्यान बरीच वर्षे त्याच्या जन्मदात्यांची नावे त्याच्या गोष्टींवर छापलीही जात नव्हती. ती १९७५ साली, बराच गाजावाजा झाल्यावर, परत आली. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगर यांचे नाव अधिकृतपणे लागायला २०१५ साल उजाडले. फिंगर १९७४ मध्येच वारले होते. नायकाचा इतिहास पुसण्याची सवय आणि त्याच्या कर्त्याचे नाव न छापण्याची सवय, या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे मला वाटत नाही.

२०११ साली डीसीने पुन्हा एकदा पाटी कोरी केली. बावन्न मासिके नव्या पहिल्या अंकापासून सुरू झाली. ज्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये सुपरमॅन जन्मला, त्याचाही ९०४ व्या अंकानंतर पुन्हा १ क्रमांक छापला गेला. असे बावन्न अंक निघाले. २०१६ मध्ये कोणीतरी बसून बेरीज केली, ९०४ आणि ५२, आणि पुढच्या अंकावर ९५७ हा आकडा टाकला. २०१८ साली हजारावा अंक निघाला. १९३८ चा पहिला अंक आणि २०११ चा पहिला अंक, दोन्ही त्या हजारांत मोजलेले आहेत.