ययातीतील नवतारा

वाचावे: स्तोत्र 8, ओव्या 3 व 4.

दाविदाने आकाशाकडे नुसते पाहिले नाही, त्याचे मनन केले, हे ह्या ओव्यांवरून दिसते.

1901 च्या फेब्रुवारीत, 21 व 22 ह्या तारखांमधील रात्री, एडिंबरो येथील टॉमस अँडरसन ह्या हौशी निरीक्षकास ययाती नक्षत्रात एक अनोळखी तारा दिसला. दोन दिवसांत तो ब्रह्महृदयाच्या तोडीचा झाला; मग मंदावत जाऊन नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. नवा तारा म्हणजे अरिष्ट, असे कोठे कोठे सांगतात. त्यात काही तथ्य नाही. तो तारा नवाही नव्हता. तेथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यांतील लहान व अतिशय घन तारा सोबत्याचा वायू आपणाकडे ओढितो. थर साचतो, उष्णता वाढते, आणि एके दिवशी तो भडकून बाहेर फेकला जातो. तो प्रकाश येथे पोहोचावयास सुमारे 1,400 वर्षे लागली. तो निघाला तेव्हा अजिंठ्याची शेवटची लेणी कोरून फार काळ लोटला नव्हता.

भडका सर्वांनी पाहिला. त्यातून निघालेला मेघ मात्र बर्नार्ड ह्या अमेरिकन ज्योतिर्विदास 1916 मध्ये आढळला. तो दर सेकंदास शेकडो किलोमीटर वेगाने पसरत आहे, तरी येथून वर्षभर पाहूनही फरक कळत नाही. आता हौशी लोक अंगणातील दुर्बिणीस कॅमेरा जोडून, काही मिनिटांची एक अशी पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती एकावर एक जुळवितात. आठदहा वर्षांनी पुन्हा तेच करितात. दोन्ही चित्रे शेजारी ठेविली म्हणजे मेघ वाढलेला दिसतो.

प्रचारक बंधूंनो, आपण माणसांची चित्रे कशी घेतो? एका वर्षी उत्साह उसळतो, अहवाल भरतो. पुढील वर्षी रकाना रिकामा, की काम विझले म्हणतो. दारू सोडलेला भाऊ पुन्हा एकदा पडला, की त्याचे नाव पुसावयास निघतो. हे एका रात्रीचे चित्र झाले. त्याचे दहा वर्षांपूर्वीचे घर आठवा. तेव्हा त्याच्या मुली शाळेत जात होत्या काय? बायको निर्धास्त निजत होती काय? ययातीतील तो ताराही अजून शांत नाही. दोनतीन वर्षांनी उजळतो व पुन्हा मंदावतो. मेघ पसरतच आहे.

आपल्या बाजूसही असे धीराचे काम झाले आहे. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, तेव्हा नवाब जफर जंग ह्या हौशी अमिराने त्याच 1901 साली हैदराबादेस वेधशाळा घातली. ती 1908 मध्ये सरकारने चालविण्यास घेतली, आणि पुढे तेथे जगाच्या तारकानकाशाचा नेमून दिलेला भाग काचेच्या पट्ट्यांवर टिपिला गेला.

शहागंजात आता दिव्यांचा उजेड फार. पौषात रात्री आठनऊच्या सुमारास मुलांना घेऊन शहराबाहेर मोकळ्या शेतात जावे. कृत्तिका डोक्याजवळ असतात. त्यांच्या उत्तरेस ययाती. तो मेघ डोळ्यांस दिसणार नाही, पण जागा दाखविता येईल.