एका हदीससाठी महिन्याचा प्रवास

आमच्या कवठे येमाईत जनाजाच्या नमाजपूर्वी मी एक घोषणा करतो : मय्यतीकडे कुणाचे काही येणे असेल, तर वारसांना भेटावे. सफमध्ये उभा असलेला मुलगा मान डोलावतो. पुढे दफन होते, आणि दुकानाची उधारी, शेजाऱ्याचे हातउसने हा विषय पुष्कळदा कब्रस्तानातच राहतो. अशा वेळी मला हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) आठवतात.

जाबिर (रजि.) मदीनेचे अन्सारी. त्यांच्याकडून १५४० हदीसी कथन झाल्या आहेत. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत त्यांचे वडील शहीद झाले. मागे मुली उरल्या आणि कर्ज उरले. शहिदाचे सर्व गुन्हे माफ होतात, परंतु कर्ज नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जाणतोच.

घरात होती ती बागेतली खजूर. प्रेषितांनी (स.) सावकारांना सवलतीची विनंती केली, त्यांनी ती मानली नाही. हक्क त्यांचा होता, म्हणून त्यांच्यावर सक्ती झाली नाही. मग प्रेषितांच्या (स.) सांगण्यावरून जाबिर (रजि.) यांनी प्रत्येक जातीच्या खजुरीचा वेगळा ढीग केला. प्रेषित (स.) ढिगाजवळ बसले, मापे भरली गेली, सारे देणे फिटले, तरी ढीग होता तसाच दिसत होता. हा मोजिजा आपण मैफलीत रंगवून सांगतो, सांगावाच. माझे मन मात्र जाबिर (रजि.) यांच्या एका कबुलीपाशी थांबते. वडिलांचे देणे फिटावे, मग बहिणींसाठी एक खजूरही घरी न्यायला उरली नाही तरी ते राजी होते. आणि याच बहिणींच्या सांभाळासाठी त्यांनी कुमारिकेऐवजी आधी विवाह झालेली, जाणती स्त्री पत्नी म्हणून निवडली होती!

पुढे, प्रेषितांच्या (स.) पश्चात, त्यांच्या कानी आले की शाममध्ये अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्यापाशी एक हदीस आहे. ती त्यांनी स्वतः प्रेषितांकडून (स.) ऐकलेली नव्हती. त्यांनी उंट विकत घेतला, खोगीर कसले आणि महिनाभर प्रवास केला. दारावर नाव कळताच अब्दुल्लाह (रजि.) धावत बाहेर आले, दोघांनी एकमेकांना मिठी मारली. जाबिर (रजि.) यांनी येण्याचे कारण सांगितले : ऐकण्याआधीच आपल्यापैकी एकाला मृत्यू येईल, ही धास्ती.

हदीस होती देण्याघेण्याचीच. कयामतच्या दिवशी जन्नतीला पात्र माणसावरही कुणाचा हक्क बाकी असेल, तर तो चुकता होईपर्यंत त्याला जन्नतमध्ये प्रवेश नाही. मग तो हक्क एका थपडेचा का असेना, आणि मागणारा जहन्नमी का असेना. त्या दिवशी सारे रिकाम्या हातांनी आलेले असतील. चुकते करायचे ते नेकी आणि बदी यांनीच.

बापाचे देणे फेडून मोकळा झालेला माणूस याच विषयासाठी महिनाभर उंटावर बसतो. आपण मात्र बांध वीतभर सरकवून, शेजाऱ्याची पाण्याची पाळी तासभर खाऊन निश्चिंत झोपतो. मीही यातून सुटलेलो नाही. मदरशातील एका सोबत्याची किताब कित्येक वर्षे माझ्या कपाटात पडून आहे. परवा त्याचा पत्ता मिळाला. किताब बांधून ठेवली आहे, सोमवारी टपालात टाकतो.