न दिसणारा कंस

रविवारी खोपोलीहून लोकलने कर्जतला ताईकडे गेलो होतो. भाचीच्या वहीत होतं: १० − ४ + ३ = ३.

'अगं, ९ येतात!' मी ओरडलो.

'मामा, कंचेभागुबेव. आधी बे, मग व.'

मी गप्प. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. नियम तिने अक्षरशः पाळला होता. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून उजवीकडे सोडवायच्या, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ४ + ३ भोवती तिने नकळत कंस घातला होता.

मग चूक कुणाची? हा क्रम निसर्गाने ठरवलेला नाही, माणसांनी आपसात केलेला करार आहे. तो नसता तर एकाच ओळीची दोन उत्तरं आली असती. म्हणून करार हवाच. पण अर्धाच सांगायचा आणि ओरडा मात्र पूर्ण द्यायचा, हा अन्याय आहे.

कोड लिहिताना मी गरज नसली तरी कंस घालतो. कॉम्प्युटरला क्रम पाठ असतो. कंस असतो उद्या तो कोड वाचणाऱ्या माणसासाठी. माणसांशी बोलताना मात्र मी ते विसरतो.

भाचीला सॉरी म्हणालो आणि तिच्या गणितात कंस काढून दिला: १० − (४ + ३) = ३. आता उत्तर बरोबर होतं.